बोट मध्येच बंद पडते तेव्हा

सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्या जिल्ह्यातल्या ३३ गावांच्या जमिनी घेतल्या. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या काठावरच्या कितीतरी पाड्यांना आज दवाखाना, रेशन आणि बाजार गाठायचा तर बोटच लागते. म्हणून बोटीचे इंजिन पाण्याच्या मध्यावर बंद पडले की तो केवळ खोळंबा नसतो. बोटीत कळा सुरू झालेली बाई असते, तापाने फणफणलेले लेकरू असते. या अंकात इंजिनाविषयी लिहा, असा आग्रह बोट चालवणाऱ्या मुलांनीच धरला.

तक्रार बहुधा एकच असते. इंजिन चालू होते, दहा-पंधरा मिनिटे नीट चालते, मग आचके देत बंद पडते. थोड्या वेळाने हँडल मारले की पुन्हा चालू. मग कोणीतरी सांगते, पंप गेला, नॉझल गेले. ते खोलून तालुक्याला नेले जाते, पैसे जातात, आणि आठ दिवसांत इंजिन पुन्हा बंद.

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेतच डिझेल पेट घेते. म्हणून जे इंजिन एकदा चालले आणि मग थांबले, त्याच्याबद्दल पहिला प्रश्न हाच, की डिझेल पोचत होते का?

बंद कसे पडले ते आधी आठवावे. आवाज कमी-जास्त होत हळूहळू विझले, तर डिझेलची उपासमार. धक्क्याने एकदम थांबले, तर पंख्यात जाळे, दोर किंवा चिंधी अडकलेली असते. आपल्या पाण्यात बुडालेली झाडेही आहेत. आणि इंजिन भाजेल इतके तापले असेल, तर थंड करणारे पाणी येत नाही. खेचनळीच्या जाळीत पाला अडकलेला असतो. अशा वेळी हँडल मारू नये आणि तापल्या इंजिनावर गार पाणी तर मुळीच ओतू नये, हेड तडकते.

उपासमार असेल तर शोध टाकीपासून सुरू करावा, इंजिनापासून नव्हे. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते. डिझेल जाते तितकी हवा त्यातून आत यावी लागते. ते मळाने बुजले की टाकीत ओढ निर्माण होते आणि डिझेल येईनासे होते. थोडा वेळ थांबल्यावर हवा कशीबशी आत शिरते, म्हणून इंजिन पुन्हा चालू होते. बोट बंद पडली की आपल्या मंडळींना आधी प्रार्थना सुचते, ती करावीच; सोबत टाकीचे झाकणही सैल करून पाहावे.

दुसरा शत्रू पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतून थेंब धरतात. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. संथ पाण्यात इंजिन नीट चालते आणि वारा सुटून बोट हलू लागली की बंद पडते, त्याचे कारण हेच: तळचे पाणी आणि गाळ ढवळून नळीत जातो. टाकीखालचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. काही वेळाने खाली पाण्याचा थर दिसतो. टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. फडक्याने गाळल्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही.

तिसरी गोष्ट फसवी आहे. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर मधल्या नळीत डिझेल ओढले जाते. तिथे चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसते. जुनी नळी वाकवून पाहावी, शंका आली तर बदलावी.

शंका राहिलीच तर एक खात्रीची परीक्षा आहे. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनापेक्षा उंच बांधावा आणि नव्या नळीने थेट फिल्टरला जोडावा. आता इंजिन तासभर नीट चालले तर पंप-नॉझलला हात लावायचे कारण नाही. दोष टाकीत किंवा जुन्या नळीत आहे. तरीही बंद पडले तर फिल्टर बदलावा, आणि त्यानेही भागले नाही तर मिस्त्रीकडे जावे.

नळी किंवा फिल्टर सोडला की एअर काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत थांबावे. मग नॉझलकडच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करून हँडल फिरवावे. डिझेल उसळले की आवळावा. तिथे बोट धरू नये, दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

हे सगळे मात्र बोट काठाला लावल्यावर. गालील समुद्रात शिष्य वल्ही तरी मारत होते. आपल्या कित्येक बोटींत वल्हेच नसते, हे मला मान्य नाही. दोन वल्ही, लांब दोर, सगळ्यांना पुरतील इतकी लाईफ जॅकेटे, आणि एका डब्यात नवा फिल्टर, हातभर नळी, चार क्लिपा, तांब्याचे वायसर, पान्हे व बॅटरी: एवढे बोटीत असल्याशिवाय पेशंट घेऊन निघू नये.