वाळलेली चिंच, बोथट चेन : टणक झाड कापताना मशीन का दमतं?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

हळद काढणीला आली की आमच्या वसमतकडे दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते, मजूर आणि जळतण. कढई असो की बॉयलर, हळद शिजवायला खाली लाकूड लागतंच. आमच्या धुऱ्यावरची जुनी चिंच मे महिन्यातल्या वादळात उन्मळून ओढ्यावर आडवी पडली होती. पावसाळा गेला, दिवाळी गेली. जानेवारीत मी आणि माझा चुलतभाऊ चेनसॉ घेऊन गेलो, म्हटलं दोन तासांत ओंडके पाडू.

दोन तासांत चार बोटंसुद्धा आत गेलो नाही. मशीन ओरडतंय, धूर निघतोय, आणि मी वरून अंगाचा जोर देतोय. शेवटी शेजारच्या गावातले एक मामा आले. आयुष्यभर करवत आणि कुऱ्हाड चालवलेला माणूस. ते म्हणाले, "मशीनला कशाला शिव्या देता? खाली भुसा बघा की."

भुसा काय सांगतो?

चेनचा प्रत्येक दात म्हणजे एक छोटा रंधा असतो. धार असेल तर तो लाकडाचा काप उचलतो, नसेल तर नुसता घासतो. म्हणून खाली जाड, किसासारखे तुकडे पडत असतील तर चेन ठीक आहे. गव्हाच्या पिठासारखी पूड पडत असेल तर थांबायचं. आमच्या पायाशी पीठ पडलं होतं. झालं होतं असं, की आदल्या दिवशी मुळाजवळची एक फांदी कापताना चेन मातीत गेली होती. काळ्या मातीतल्या बारीक खड्यांनी धार घालवायला काही क्षण पुरतात.

ही रंध्याची कल्पना कुठून आली, तेही गमतीचं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका भुंग्याची अळी ओंडका पोखरताना पाहिली. ती डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे, अशी दोन्ही बाजूंनी लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्यानं चेनचे दात एक डावा, एक उजवा असे घडवले. आजची चेन त्याच वाटेवर चालते.

दाताच्या पुढे एक लहान टेकाड असतं. दातानं किती खोल घास घ्यायचा, हे ते ठरवतं. दोघांच्या उंचीत साधारण ०.६५ मिलिमीटर फरक लागतो. कानशीनं दात पाजळत गेलं की दात खाली बसतो आणि फरक कमी होतो, म्हणून चार-पाच वेळा धार लावली की टेकाडही थोडं घासावं लागतं. पण चिंच, बाभूळ अशा टणक लाकडाला ते जास्त घासलं तर दात मोठा घास घेतो आणि मशीन हिसके देतं.

मोठी पट्टी म्हणजे जास्त ताकद?

नाही. बाजारात ५८ सीसी इंजिन आणि २२ इंची पट्टी ही जोडी सर्रास मिळते. पण पट्टी जितकी लाकडात बुडते, तितके जास्त दात एकाच वेळी कापत असतात आणि तो सगळा भार इंजिनवर येतो. चिंचेचं लाकूड सागापेक्षा दुपटीहून टणक, त्यात आमचं आठ महिने वाळलेलं. त्याच इंजिनला १८ इंची पट्टी लावली तर ते मोकळं चालतं, आणि दोन्ही बाजूंनी कापलं तर जाड बुंधाही निघतो. पट्टीला तेल पोचतंय का, हेही बघा. मशीन सुरू असताना टोक फिक्या लाकडासमोर धरलं की तेलाचे शिंतोडे दिसले पाहिजेत.

आणखी एक. धुऱ्यावरच्या झाडात खिळे, तारा निघतात. कधीकाळी कुणी कुंपण ठोकलेलं असतं आणि झाड ते गिळून टाकतं. सालीवर काळा डाग किंवा फुगवटा दिसला तर जरा बाजूनं कापा.

खोडातला ताण

आता खरी गोष्ट. मामांनी चेन पाजळून दिली, मशीन लोण्यासारखं चालायला लागलं आणि मी चेकाळलो. वरून सरळ कापत गेलो. अर्ध्यावर गेल्यावर खोड खाली बसलं आणि पट्टी चिमट्यात धरल्यासारखी अडकली. चुलतभाऊ ती ओढायला खोडाच्या खालच्या अंगाला उतरला. मामा ओरडले, "निघ तिथून!" तो बाजूला झाला आणि खोड कडकड करत त्याच जागी आलं.

चूक माझी होती. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड मधून लवलेलं असतं. वरची बाजू दबलेली, खालची ताणलेली. अशा वेळी आधी वरून साधारण एक तृतीयांश कापायचं आणि मग खालून येऊन काप जुळवायचा. एक टोक अधांतरी असेल तर उलटं, आधी खालून, मग वरून. कापात पाचर ठोकली तर पट्टी अडकत नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडाकडे येतं. आणि कापणाऱ्यासकट कुणीही खोडाच्या उताराच्या बाजूला उभं राहायचं नाही. हा नियम मी आता कुणासाठीही मोडत नाही.

जाता जाता एक. उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी घ्या. १९६४ च्या राज्याच्या कायद्यात चिंच, आंबा, मोहा, साग, जांभूळ ही झाडं आहेत, स्वतःच्या शेतातली असली तरी.

त्या चिंचेवर आमची हळद शिजली. चुलतभाऊ धडधाकट आहे, यंदा कानस त्यानंच विकत आणली. तुमच्याकडे मशीन असेल तर आज एकदा भुसा बघा. भेटू पुढच्या भागात.