भोक मोठं, चकती छोटी

हॉस्टेलच्या बेसिनवर फेरिक क्लोराईडचे तांबूस डाग दिसू लागले की समजायचं, मिनी प्रोजेक्टचा सीझन आला. (रेक्टर सर, सॉरी!) मग दोन दिवसांनी लॅबमध्ये ठरलेला डायलॉग ऐकू येतो, "यार, पॅडच उखडलं!" शिव्या पडतात बिचाऱ्या सोल्डरिंग आयर्नला. पण बऱ्याचदा दोष त्याचा नसतोच. तो असतो कॉम्प्युटरवर ठरलेल्या दोन आकड्यांचा, म्हणजे पॅडचा व्यास आणि भोकाचा व्यास.

ड्रिल केल्यावर भोकाभोवती तांब्याची जी कडी उरते, तिला ॲन्युलर रिंग म्हणतात. पॅडमधून भोक वजा करा आणि दोनाने भागा, झाली रिंग. घरी केलेल्या बोर्डाच्या भोकात आतून तांबं नसतं, त्यामुळे पॅड बोर्डाला चिकटून राहतं ते फक्त या कडीच्या जोरावर. त्यातून बोर्ड स्वस्तातलं फिनोलिक असेल, तर दुसऱ्यांदा डीसोल्डर करताना गंमत बघा.

आता व्हाया घ्या, म्हणजे वरचा आणि खालचा ट्रॅक जोडणारं भोक. सॉफ्टवेअरमध्ये ते ०.८ मिमी व्यासाचं आणि आत ०.४ मिमीचं भोक, असं काहीतरी आयतं येतं. फॅक्टरीच्या मशीनला हे ठीक आहे. आपल्याकडे मात्र बिट असतं ०.८ मिमीचं! ड्रिल चाललं की तांबं शिल्लक शून्य. म्हणून हाताने करायच्या बोर्डाला व्हाया किमान १.८ मिमी ठेवावं. मग रिंग अर्धा मिमी मिळते आणि हात ०.२ मिमी हलला तरी एका बाजूला ०.३ उरतं.

भोक किती ठेवायचं हे पिनेवरून ठरतं. रेझिस्टरला ०.८ पुरतं. बर्ग स्ट्रिपची पिन ०.६४ मिमीची, म्हणून तिलाही ०.८ चालेल असं वाटतं. पण ती चौकोनी आहे आणि कर्ण भरतो ०.९. तिला १ मिमीच लागतं.

मग सगळीच पॅड्स मोठी का करू नयेत? कारण आयसीच्या पिनांमधलं अंतर २.५४ मिमी. पॅड २ मिमी केलं तर दोन पॅड्समध्ये उरतं ०.५४, तिथून ट्रॅक कुठून नेणार? इथे लांबट पॅड कामाला येतं. रुंदी १.६, लांबी २.४. मधून ०.३ चा ट्रॅक आरामात जातो आणि तांबंही भरपूर राहतं.

कीकॅड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. नेट क्लासमध्ये व्हायाचा साइज बदलला तरी आधी टाकलेली व्हाया आपोआप बदलत नाहीत, ती वेगळी एडिट करावी लागतात. पॅड्सचे बदल फक्त बोर्डावर केलेत आणि नंतर लायब्ररीतून फुटप्रिंट अपडेट केलं, तर मेहनत पाण्यात. स्वतःची लायब्ररी करून त्यातच बदला. आणि प्रिंट काढताना ड्रिल मार्क 'स्मॉल' ठेवा. एचिंगनंतर पॅडच्या मधोमध छोटासा खड्डा राहतो, त्यात बिट नीट बसतं, घसरत नाही. (हा ऑप्शन मला सगळ्यात आवडतो, आणि तो कोणी बघतच नाही.)

राहता राहिलं व्हायात तार घालून दोन्हीकडून सोल्डर करणं. त्यासाठी आयसी बेसच्या खाली व्हाया टाकू नका. बेस लावल्यावर वरच्या बाजूला आयर्न पोचत नाही आणि आधी सोल्डर केलं तर त्या टेकडावर बेस डुगडुगतो.