रानाचा नकाशा आणि रानातली नावे

आमच्या उल्हासनगरात पत्ता सांगायचा तर ‘कॅम्प २’, ‘कॅम्प ३’ असा सांगतात. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले आणि १९४९ साली वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. पण कॅम्पांचे आकडे राहिले ते राहिलेच. कागदावर आखलेल्या जागेला आकडा पुरतो. रानाला पुरत नाही. तेथे ओढ्याला, पाणवठ्याला, कातळाला नाव असते, आणि ते त्या वाटेने चालणाऱ्यांनी ठेवलेले असते.

पहिला पाऊस झाला की मुरबाड-बदलापूरकडच्या ठाकर, कातकरी बाया आपल्या बाजारात शेवळे घेऊन बसतात. शेजारी काकडाची आंबट फळेही असतात, कारण शेवळे घशाला खाजतात आणि काकडाने ती खाज मोडते. शेवळ उगवते झाडांच्या सावलीत, आणि टिकते थोडेच दिवस. आता उपग्रहाला विचारा बघू, शेवळ कुठे आहे म्हणून!

उपग्रहाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. दहा वर्षांत कोणता उतार उघडा पडला, वणवा कुठवर गेला, हे तो चांगले सांगतो. पण युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब-रुंद असतो. एवढ्यात झोपडी, पायवाट आणि दोन झाडे एकाच रंगात मिसळून जातात. शिवाय उन्हाळ्यात साग पाने टाकतो. तेव्हाचे चित्र पाहून कोणी म्हणेल, येथे रान विरळच आहे.

हा प्रश्न नुसत्या भूगोलाचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. २०१२ च्या सुधारित नियमांत तर स्पष्टच आहे की, उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून घ्यावे, त्यांच्याऐवजी नव्हे. चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावरून कोणी दावा फेटाळीत असेल, तर हा नियम पुढे ठेवावा.

हक्क मिळाला की रान सांभाळणेही अंगावर येते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे काम ग्रामसभेकडे आले. कुठला बांबू तोडायचा, कुठले कोंब राखायचे, हे ठरवायला हद्द नेमकी ठाऊक हवी.

गुरुजी, येथे तुमचे विद्यार्थी उपयोगी पडतील. मुलाने फोन धरावा, आजीने नाव सांगावे. दाट झाडीत किंवा दरीत फोन जागा चुकीची दाखवू शकतो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. नाव बोलीत असेल तसेच लिहावे, ‘शुद्ध’ करू नये. नकाशा झाला की ग्रामसभेत वाचून दाखवावा. चुका तेथेच निघतात. मात्र मधाची झाडे आणि दुर्मिळ कंद कुठे आहेत, ते खुल्या नकाशावर टाकू नये. ती खूण गावाच्या वहीत असू द्यावी.

आणि ही फेरी दोनदा काढावी: हद्दीसाठी एप्रिलात, आणि शेवळांसाठी पावसाच्या तोंडाला.