खाली मेन, वर हार्बर

सँडहर्स्ट रोडला फास्ट लोकल थांबत नाही. ठाणे-कल्याणकडच्या गर्दीला त्यामुळे हे स्टेशन खिडकीतून सर्रकन निघून जाणारी एक पाटी, एवढंच माहीत असतं. उतरायचं असेल तर स्लो पकडायची.

स्टेशन मात्र दुमजली आहे. खालच्या फलाटांवर मेन लाइन, वरच्यांवर हार्बर. मुंबईत हा थाट दुर्मीळ, आणि तो हौसेने केलेला नाही. सीएसएमटीला हार्बरचे फलाट पहिले दोन, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला. गोदी पूर्वेला. तेव्हा हार्बरला मेन लाइन कुठेतरी ओलांडणं भागच होतं. मशीद बंदर सोडलं की रूळ चढू लागतात, इथे मेनच्या डोक्यावरून पलीकडे जातात आणि डॉकयार्ड रोडची वाट धरतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. इथे फुटलेल्या दोन्ही लाइन पुन्हा भेटतात त्या थेट कुर्ल्याला. डॉकयार्ड रोडहून भायखळ्याला निघालेला माणूस म्हणूनच इथे जिना उतरून गाडी बदलतो.

नाव १८९५ ते १९०० या काळातल्या गव्हर्नरचं. १८९६च्या प्लेगनंतर दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून सुधारणा ट्रस्टने जे रुंद रस्ते काढले, त्यांतल्या एकाला लॉर्ड सँडहर्स्टचं नाव मिळालं. त्या रस्त्याचा कधीच सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला; स्टेशनवर मात्र साहेब टिकून राहिले. २०२४मध्ये विधिमंडळाने स्टेशनला 'डोंगरी' नाव द्यायचा ठराव केला. पत्ता सांगणारे लोक तेच नाव आधीपासून वापरतात!

बाहेर पडल्यावर रिक्षा शोधू नये. शहर भागात तिला परवानगीच नाही. जे. जे. रुग्णालय, भेंडी बाजार, चिंचबंदर हे सगळं तसं पायी गाठण्याजोगं. सोबत पेशंट किंवा बोजा असला तर काळी-पिवळी किंवा बेस्ट. पण अरुंद गल्ल्यांत टॅक्सीच्या पुढे बहुधा मालाची हातगाडी असते आणि तिला हॉर्नचं काही वाटत नाही. पूर्वेला पी. डिमेलो रोड. २०१३मध्ये सुरू झालेला पूर्व मुक्त मार्ग तिथूनच चेंबूरकडे निघतो.

सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका न्यायला जागा हवी, म्हणून हार्बर सँडहर्स्ट रोडलाच संपवावी, असाही प्रस्ताव रेल्वेपुढे आला. तसं झालं तर आज सीएसएमटीला उतरणारा हार्बरचा लोंढा याच जिन्यांवरून खाली येईल, आणि खाली तर फक्त स्लो थांबते.