आधी उंट बांधा! सायकली घेऊन रेल्वेने ऊर्जानगरला

आमच्या लेकीने दोन वर्षांची ईदी साठवून सायकल घेतली. निळ्या रंगाची, गिअरची. सायकल घरात आल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद सुरू झालं, ‘नाताळच्या सुट्टीत मामूंकडे जायचं आणि तिथे रोज सायकलने फिरायचं.’ मामू राहतात ऊर्जानगरला. चंद्रपूर शहराच्या उत्तरेला, दुर्गापूरला लागून असलेली ही महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, लांबून दिसणाऱ्या उंच चिमण्या. शिकाऊ सायकलस्वाराला याहून चांगली जागा कुठली?

दादींना मात्र हे पटलं नाही. ‘पोर नववीत गेली. आता रस्त्यारस्त्याने सायकल फिरवायची का?’ त्या म्हणाल्या. उत्तर फोनवरून मुमानीने दिलं, ‘अम्मा, इथे कितीतरी लोक सायकलवर ड्युटीला जातात. मी स्वतः भाजी आणायला सायकलवरच जाते. पाठवा पोरीला, मी आहे ना.’ दादी थोड्या वेळाने तयार झाल्या, पण एक अट घालून: ओढणीचं टोक मोकळं सोडायचं नाही, स्कार्फ पिनने नीट बसवायचा. चाकात किंवा साखळीत अडकलेली ओढणी काय करते, हे त्यांनी पाहिलं आहे. अट योग्यच होती.

आता प्रश्न उरला तो सायकल नेण्याचा. नागपूर ते चंद्रपूर हे रेल्वेने सुमारे दोनशे किलोमीटर. एवढं अंतर मुलं सायकलने थोडीच कापणार! आम्ही ठरवलं, मुलांच्या दोन सायकली रेल्वेने न्यायच्या. आम्हा दोघांना मामू आणि मुमानीच्या सायकली मिळणारच होत्या.

आमची चूक

आम्ही हुशारी केली ती अशी. प्रवासाच्या दिवशी घाई नको, म्हणून आदल्या संध्याकाळीच स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेलो. ‘दोन सायकली चंद्रपूरला पाठवायच्या आहेत,’ असं सांगितलं, फॉर्म भरला, पैसे दिले, पावती घेतली आणि निश्चिंत होऊन घरी आलो. आपण उद्याच्या गाडीने जाणार आहोत, आपल्याजवळ तिकिटं आहेत, हे आम्ही तिथे बोललोच नाही. पावती तर वाचलीही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. सेवाग्राम गेलं, हिंगणघाट गेलं, बाबा आमटेंच्या आनंदवनाचं वरोरा गेलं, भद्रावती मागे पडली. प्रत्येक स्टेशनवर आमचा धाकटा खिडकीतून मान वळवून शेवटच्या डब्याकडे बघत होता. चंद्रपूरला उतरल्याबरोबर आम्ही ब्रेकव्हॅनकडे धावलो. खोकी उतरली, टोपल्या उतरल्या. सायकली उतरल्या नाहीत.

तिथल्या कर्मचाऱ्याने पावती पाहिली आणि शांतपणे म्हणाला, ‘हे पार्सल आहे, साहेब. लगेज नाही. जागा मिळेल त्या गाडीने येईल.’

लेक रडली नाही. बाकावर बसली आणि तिने विचारलं, ‘अब्बा, आपण उंट बांधला होता का?’

मकतबमध्ये नुकतीच ऐकलेली ती हदीस तिला आठवली होती. तिरमिजीच्या संग्रहात ती आहे. एका माणसाने प्रेषितांना (स.) विचारलं, उंट बांधून अल्लाहवर भरोसा ठेवू, की मोकळा सोडून भरोसा ठेवू? उत्तर मिळालं ते असं, की आधी बांध आणि मग भरोसा ठेव. आम्ही घरून निघताना दुआ पढली होती, सदका काढला होता. पण आमचा उंट मोकळाच होता. पोरीला काय उत्तर द्यावं, आम्हाला सुचेना.

सायकली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या. पावती आणि ओळखपत्र दाखवून सोडवून घेतल्या. खरचटल्याही नव्हत्या, अल्हम्दुलिल्लाह. पण चार दिवसांच्या सुट्टीतले जवळजवळ दोन दिवस गेले होते.

लगेज आणि पार्सल यांतला फरक

आमच्यासारखी फजिती तुमची होऊ नये, म्हणून जे शिकलो ते इथे सांगतो.

रेल्वेच्या तिकिटावर आपल्याला काही वजनाचं सामान मोफत नेता येतं. स्लीपर आणि थ्री टायर एसीला 40 किलो, सेकंड क्लासला 35 किलो. पण सायकल आणि स्कूटर या सवलतीत बसत नाहीत. सायकल कितीही हलकी असली तरी तिचं वेगळं भाडं भरून ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्याला जोडून असलेल्या सामानाच्या भागात द्यावी लागते.

हे बुकिंग दोन प्रकारे होतं. स्वतःचं प्रवासाचं तिकीट दाखवून, ‘मी याच गाडीने जातोय, सायकल माझ्याबरोबर हवी,’ असं सांगितलं तर ते लगेज. ते आपल्याच गाडीत चढावं, हा त्याचा हेतू. तिकीट न दाखवता नुसती वस्तू पाठवली तर ते पार्सल. त्यात आपण आणि सायकल वेगवेगळे प्रवासी. घर बदलताना पार्सल सोयीचं, सहलीला लगेज. पावती हातात पडली की तिथेच उभं राहून वाचावी. गाडीचा नंबर, स्टेशनचं नाव, नगांची संख्या बघावी.

लगेज गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी द्यावं लागतं. सायकल असेल तर दीड-दोन तास आधी पोहोचावं, कारण वजन, फॉर्म, पैसे आणि पावती यांत वेळ जातो. ब्रेकव्हॅनमधली काही जागा ठेकेदारांना भाड्याने दिलेली असते. सणासुदीला उरलेली जागाही भरून जाते. म्हणून आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन नुसती चौकशी करून यावी. आमच्यासारखी सायकल तिथे सोडून येऊ नये!

बांधणी साधीच असते, पण ती घरी करावी. पेडल काढून ठेवावेत किंवा आतल्या बाजूला वळवावेत, हँडल चाकाच्या रेषेत फिरवून घट्ट करावं. गिअरच्या भागावर जुन्या टॉवेलची किंवा फोमची गुंडाळी करावी आणि वरून गोणपाट शिवावं. दिवा, पंप, पाण्याची बाटली आपल्याजवळच्या पिशवीत ठेवावी. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत नाव, फोन नंबर, कुठून कुठे हे लिहून तो पुठ्ठा दोन-तीन ठिकाणी बांधावा. एक पुठ्ठा तुटला तरी दुसरा राहतो.

स्टेशनचं नाव लिहिताना चंद्रपूरला जाणाऱ्यांनी विशेष जपावं. शहरात ‘चंद्रपूर’ आणि ‘चांदा फोर्ट’ अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत. नागपूर-सेवाग्रामकडून येणाऱ्या गाड्या चंद्रपूरला थांबतात. चांदा फोर्ट हे गोंदिया, नागभीड, वडसा या मार्गावरचं. गडचिरोलीच्या जंगलभागात सायकल फिरवायची असेल, तर रेल्वेने वडसा गाठणं सोयीचं.

गाडी कोणती?

लवकर पोहोचवणारी गाडी सायकलसाठी सोयीची असतेच असं नाही. 2024 च्या सप्टेंबरपासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत सुरू झाली, ती चंद्रपूरलाही थांबते. पण तिला सामानाची ब्रेकव्हॅनच नाही. साध्या एक्स्प्रेसमध्येही थांबा दोन मिनिटांचा असेल तर गोणपाटात बांधलेली सायकल चढवणार आणि उतरवणार कधी? जिथून गाडी सुटते किंवा जिथे ती बराच वेळ थांबते, ते स्टेशन निवडावं. चंद्रपूरच्या पुढचं बल्लारशाह हे मोठं जंक्शन आहे, काही गाड्या तिथूनच सुटतात. परतीसाठी आम्ही तेच निवडलं.

घडीची सायकल असेल तर ती पिशवीत घालून डब्यात नेता येते का, असं लोक विचारतात. डब्यात नेण्याच्या पेटीचं नियमातलं सर्वसाधारण माप 100 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 25 उंच असं आहे. सायकल त्यात बसत असेल तर बघावं, पण दुसऱ्यांच्या पायाखालची जागा अडवून नाही. नेदरलँड्समध्ये घडीची सायकल रेल्वेत फुकट नेता येते, मोठ्या सायकलीचं वेगळं तिकीट असतं आणि गर्दीच्या वेळी ती नेऊ देत नाहीत. सायकलींच्या देशातही शेजारच्या प्रवाशाचा हक्क आधी!

वाघाच्या शेजारी

सायकली आल्या त्या रात्री लेकीने जाहीर केलं, ‘उद्या फजरनंतर लगेच निघायचं, इरईच्या पाण्यावर सूर्य उगवताना बघायचा.’ मामूंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. ‘नाही,’ ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी कारण सांगितलं. ऊर्जानगरला लागून झुडपी जंगल आहे आणि हाच रस्ता पुढे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटकडे जातो. फेब्रुवारी 2022 मध्ये रात्री पाळी संपवून घरी निघालेल्या वीज केंद्रातल्या एका कामगाराला वाघाने ठार केलं. पाठोपाठ दुर्गापुरात एका शाळकरी मुलाचा बिबट्याने बळी घेतला. वसाहतीतल्या प्रत्येक घराला ते दिवस आठवतात. सायकलवर बसलेला माणूस वाकलेला असतो, आवाज करत नाही आणि एकटा असतो. पहाटे आणि सांजवेळी जनावराचं फिरणं जास्त. ‘सकाळी आठनंतर बाहेर, असरच्या आधी घरात. सगळे मिळून. मोहर्लीच्या बाजूला सायकल नाही,’ हा मामूंचा कायदा.

लेक हिरमुसली. जरा वेळाने स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे हाही उंटच.’

हवामानाचंही तसंच. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर सहज जातो. मुलांना घेऊन सायकल फिरवायची तर ती डिसेंबर-जानेवारीतच. कोळशाच्या खाणींमुळे ट्रकची वर्दळ आणि धूळ असते, म्हणून तोंडाला रुमाल हवा आणि मोठ्या रस्त्यावर एकामागे एकच चालायचं.

परकोट आणि परतीची वाट

तिसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आम्ही चौघं आणि मुमानी शहराकडे निघालो. चंद्रपूरला गोंड राजांचा जुना परकोट आहे. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. तटावर वर्षानुवर्षं झाडझुडूप माजलं होतं. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 पासून हाताने सफाई सुरू केली, त्यामुळे आज तटावरून चालता येतं. आम्ही सायकली खाली उभ्या केल्या, साखळी घातली (लेकीने दोनदा ओढून पाहिली) आणि वर चढलो.

धाकट्याने विचारलं, ‘बल्लाळशाह, बीरशाह... हे राजे मुसलमान होते?’ नाही, गोंड होते. त्या काळात ‘शाह’ ही पदवी सत्तेची खूण होती आणि गोंड राजांनी ती आपल्या नावाला जोडली. बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधली, तीही आम्ही पाहिली. एका शहरात किती माणसांचं देणं मिसळलेलं असतं, हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळलं.

चौथ्या दिवशी ऊर्जानगरहून बल्लारपूर, वीस-बावीस किलोमीटर. बॅगा मामूंनी ओळखीच्या मालवाहू ऑटोत टाकल्या. धाकटा अर्ध्या वाटेत दमला, तेव्हा तो मामूंच्या स्कूटरवर बसला आणि त्याची सायकल ऑटोत गेली. लेक मात्र शेवटपर्यंत सायकलवर. वर्धा नदीच्या काठचा बल्लारपूरचा किल्ला पाहिला, तिथेच डबे उघडले. परतताना त्याच ऑटोतून मामूंच्या सायकली ऊर्जानगरला गेल्या.

नमाजचं काय, हे आमच्या वाचक भगिनी नक्की विचारतील. नागपूरहून चंद्रपूर हे कसरचं अंतर आहे आणि मुक्काम चारच दिवसांचा, म्हणून हनफी मसलकाप्रमाणे आम्ही जोहर, असर आणि इशाचे फर्ज दोन-दोन रकात अदा केले. ज्यांचा मसलक वेगळा, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. बाटलीत वुजूचं पाणी आणि पातळ जानमाज बरोबर असली की सायकलच्या प्रवासात अडत नाही.

बल्लारशाह स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी पोहोचलो. या वेळी खिडकीशी लेक उभी राहिली. तिने तिकिटं पुढे केली आणि स्पष्ट सांगितलं, ‘लगेज. याच गाडीने.’ पुठ्ठे तिनेच लिहिले होते. पावती तिने दोनदा वाचली, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये चढताना स्वतः पाहिल्या, मग आमच्याजवळ येऊन बसली आणि सफरची दुआ पढली.

नागपूरला निळी सायकल आमच्या आधी फलाटावर उतरली होती. दादी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी नातीचा स्कार्फ पाहिला, मग सायकल, आणि म्हणाल्या, ‘पुढच्या सुट्टीत कुठे जायचं म्हणतेस?’