सुताराच्या घरचा वारसा

नाताळचा दिवस उजाडला की गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कथा आपण सारेच आदराने ऐकतो. परंतु ते बाळ वाढले एका सुताराच्या घरात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भक्तीचे स्थान केवळ देवालयात, की जेथे घाम गळतो तेथेही? हा प्रश्न ज्यांनी जिवाभावाचा मानला, अशा काही ख्रिस्ती तरुणांची हकिकत आजच्या सणानिमित्त वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

बेल्जियममधील जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ सालचा. वडील कोळशाचा लहानसा धंदा करीत. मुलाला धर्मगुरू व्हावयाचे होते. आईबापांनी अधिक कष्ट उपसून त्याला शिकविले. सुटीत तो गावी परते, तेव्हा कारखान्यांत कामाला लागलेले बालमित्र त्याच्यापासून दुरावलेले दिसत. धर्म हा श्रीमंतांच्या बाजूचा, असा त्यांचा ग्रह झाला होता. हे शल्य कार्डाइन यांच्या मनातून कधीच गेले नाही. १९०३ मध्ये मृत्युशय्येवरील पित्यासमोर त्यांनी कामगारांसाठी आयुष्य वेचण्याची शपथ घेतली.

१९०६ साली त्यांना दीक्षा मिळाली आणि १९१२ मध्ये ते ब्रुसेल्सजवळील लाकेन येथे आले. तेथे शिवणकाम करणाऱ्या मुलींना आणि कामकरी मुलांना त्यांनी एकत्र केले. त्यातूनच १९२५ मध्ये ख्रिस्ती तरुण कामगारांची संघटना उभी राहिली. तिची रीत तीन शब्दांत सांगता येते: पाहा, पारखा, करा. आपल्या कामाच्या जागी काय घडते, तास किती, मजुरी किती, नवख्या पोराला कोणी छळते काय, हे आधी डोळसपणे पाहावयाचे. मग ते शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखावयाचे. आणि शेवटी, लहान का होईना, एक कृती करावयाची. कामगारांचा उद्धार कामगारांनीच करावयाचा, धर्मगुरूने केवळ सोबत राहावयाचे, हा कार्डाइन यांचा आग्रह होता.

या श्रद्धेची कसोटी महायुद्धात लागली. कार्डाइन यांना दोन्ही महायुद्धांत जर्मनांचा तुरुंगवास घडला. त्यांचे आरंभीचे सहकारी फेर्नां तोने आणि पॉल गार्से यांचा तर १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत अंत झाला. कामाच्या जागी सहकाऱ्याचा कैवार घेण्यास शिकलेली ही माणसे संकटातही मागे हटली नाहीत.

पुढे १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रात या त्रिसूत्रीचा पुरस्कार केला. १९६५ मध्ये कार्डाइन कार्डिनल झाले आणि १९६७ मध्ये निवर्तले. संघटना मात्र देशोदेशी पसरली.

खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांना ही दृष्टी परकी वाटू नये. मात्र हत्यारापाशी हात जोडताना ते चालविणाऱ्या हातांची विचारपूस आपण करतो काय, एवढे आजच्या सणाने आपणा सर्वांस विचारावे.