साठीनंतरचा नेम

नातवंडांच्या खोलीतून येणारा गोळीबाराचा आवाज आता अनेक घरांच्या सवयीचा झाला आहे. खेळ पडद्यावरचा असतो. समोरचे खेळाडू मात्र खरे असतात आणि दुसऱ्या गावातून वा देशातून त्याच क्षणी खेळत असतात. तरुणांचा मानलेला हा खेळ आपणही शिकावा, नुसता शिकावा नव्हे तर चांगला खेळावा, असे ज्या ज्येष्ठांना वाटते त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी हा लेख आहे.

ही इच्छा अवाजवी नाही. स्वीडनमध्ये २०१७ साली ‘सिल्व्हर स्नायपर्स’ हा ज्येष्ठांचा संघ उभा राहिला आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळाच्या स्पर्धांत उतरला. टॉमी इंगेमार्सन या नामवंत माजी खेळाडूने त्यांना धडे दिले. जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या अकिता प्रांतात २०२१ साली ‘मातागी स्नायपर्स’ हा संघ स्थापन झाला. मातागी म्हणजे उत्तर जपानच्या डोंगराळ भागातील परंपरागत शिकारी. नातवंडांनीही मान द्यावा असे खेळायचे, हे या संघाचे ध्येय. आणि त्यांचा खेळ ‘व्हॅलोरंट’. या दोन्ही खेळांत पाच-पाच जणांचे संघ समोरासमोर येतात.

वेगाची भरपाई

नव्याने खेळू लागलेले ज्येष्ठ बहुधा पहिल्या आठवड्यातच खचतात. शत्रू दिसण्यापूर्वीच आपला खेळाडू पडलेला असतो आणि ‘आता आपले हात चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ‘स्टारक्राफ्ट २’ या डावपेचांच्या खेळाचे १६ ते ४४ वयोगटातील ३,३०५ खेळाडू अभ्यासले. प्रतिसादाचा वेग २४व्या वर्षापासूनच मंदावू लागतो, असे त्यांना आढळले. मात्र वयाने मोठे खेळाडू सोप्या व नेमक्या हालचालींनी ती उणीव काहीशी भरून काढतात, असेही त्यात दिसले. खेळ निराळा आणि वय कमी असले तरी त्यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे: वेग वाढवण्यामागे लागू नये, वेगाची गरजच कमी करावी.

त्याची सुरुवात नेमाच्या खुणेपासून होते. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या या खुणेला खेळाडू क्रॉसहेअर म्हणतात. नवखा खेळाडू चालताना ती जमिनीकडे ठेवतो आणि शत्रू दिसल्यावर वर उचलतो. आपण ती सदैव समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर, तो ज्या कोपऱ्यातून बाहेर येईल त्या कडेशी ठेवावी. मग हात हलवावा लागत नाही. केवळ बटण दाबावे लागते.

दुसरे, थांबून गोळी झाडावी. या दोन्ही खेळांत धावताना झाडलेली गोळी भरकटते. माऊसची गती सेटिंगमध्ये कमी करून घ्यावी, म्हणजे हाताचा बारीक कंप पडद्यावर कमी उमटतो आणि मनगटाऐवजी संपूर्ण बाहू हलवून नेम धरता येतो. बंदूक भरायची असेल तर आधी आडोसा गाठावा.

तिसरे, कानांवर भिस्त ठेवावी. हेडफोनमधून शत्रूच्या पावलांची दिशा कळते. आपण मात्र शिफ्टचे बटण दाबून हलक्या पावलांनी चालावे. आणि भूमिका विचारपूर्वक निवडावी. व्हॅलोरंटमधील ‘सेज’ सहकाऱ्यांच्या जखमा बऱ्या करते, ‘ब्रिमस्टोन’ धुराचा पडदा उभारतो. अशा भूमिकांत चपळाईपेक्षा प्रसंगावधान आणि नकाशाची ओळख अधिक उपयोगी पडते. म्हणून एका वेळी एकच नकाशा आणि एकच बंदूक नीट आत्मसात करावी.

रियाज कसा असावा

गायकाचा रियाज जसा रोजचा आणि मोजका, तसाच हा सराव. व्हॅलोरंटमध्ये ‘रेंज’ नावाचा सरावकक्ष आहे. तेथील पुतळ्यांचा वेग सोपा, मध्यम वा कठीण असा ठरवता येतो. तेथे दहा-पंधरा मिनिटे शांतपणे नेम साधावा, मगच सामन्यात उतरावे. पूर्ण सामना अर्ध्या तासाहून अधिक चालू शकतो आणि मध्येच उठल्यास सहकाऱ्यांचे नुकसान होते, शिवाय दंडही बसतो. औषधाची वेळ किंवा लघवीची घाई यांचा विचार करून ‘स्पाइक रश’ वा ‘स्विफ्टप्ले’ हे छोटे प्रकार निवडणे सोयीचे. सामन्यानंतर आपण कशामुळे बाद झालो, हे वहीत एका ओळीत लिहावे. आठवडाभराने तीच चूक पुन्हापुन्हा दिसेल. पुढच्या आठवड्याचा सराव त्याच चुकीवर करावा. लागोपाठ दोन डाव हरल्यावर थांबावे, कारण चिडलेल्या हाताने नेम सुधारत नाही.

शरीराचे ऐकावे

दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. बायफोकल चष्म्यातून पडदा पाहण्यासाठी मान वर करावी लागत असेल, तर पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा नेत्रतज्ज्ञांना विचारून घ्यावा. शत्रूभोवतीच्या लाल कडा नीट दिसत नसल्यास व्हॅलोरंटमध्ये जांभळ्या वा पिवळ्या कडा निवडता येतात. रक्ताचे दृश्य नको असल्यास तेही बंद करता येते. बोटे बधिर होणे, मनगट दुखणे, मळमळ किंवा चक्कर येणे ही थांबण्याची खूण समजावी. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी लखलखत्या दृश्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना खेळू नये. बराच वेळ बसून एकदम उठू नये. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. हा खेळ स्मृतिभ्रंशावरचा उपाय नाही, आणि फिरायला जाण्याची जागाही तो घेऊ शकत नाही. त्याचे मोल आनंदात, सोबतीत आणि नवे काही जमल्याच्या समाधानात आहे.

कुटुंबीयांसाठी

खुर्चीला पाठीचा आणि हातांचा आधार असावा, जमिनीवर तारा लोंबू नयेत, पडदा हातभर अंतरावर असावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना संपूर्ण कान झाकणारे हेडफोन अधिक सोयीचे पडतात. अनोळखी खेळाडू कधी अपशब्द वापरतात. त्यांचा आवाज बंद कसा करायचा, हे पहिल्याच दिवशी दाखवावे. खेळात कोणी ओटीपी, बँकेचा तपशील वा पत्ता मागितल्यास देऊ नये, हेही सांगावे. झोप, जेवण आणि माणसे यांपेक्षा खेळ मोठा होऊ लागला, तर तो वेळीच आवरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात खेळावरील सुटलेल्या नियंत्रणाची नोंद विकार म्हणून आहे आणि ती कोणत्याही एका वयापुरती नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिकवताना आजोबांच्या हातातून माऊस काढून घेऊ नये. ‘आजोबा, तुम्ही त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा, मी पुढे जातो’ असे नातवाने म्हणावे आणि तो कोपरा खरोखरच त्यांच्यावर सोपवावा. आपल्यावर कोणी विसंबून आहे ही जाणीव उतारवयात दुर्मीळ होत जाते, आणि जबाबदारी मिळालेला माणूस सराव चुकवत नाही.